मीठ, रक्तदाब आणि उंदरांचे दोन वंश



मिठाने रक्तदाब वाढतो काय, या प्रश्नावर वैद्यकशास्त्रात दीर्घकाळ वाद चालला. एका पक्षाकडून जन्मभर खारट खाऊनही निरोगी राहिलेल्या माणसांचे दाखले दिले जात; दुसऱ्याकडून मीठ तोडताच रक्तदाब उतरलेल्या रुग्णांचे. दोन्ही पुरावे खरे होते. त्यांचा मेळ घालण्याची वाट न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवरील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत डॉ. ल्युईस डाल यांना पांढऱ्या उंदरांनी दाखविली.

डाल यांनी एकाच जातीच्या उंदरांना शेकडा 8 भाग मीठ मिसळलेले खाद्य दिले. काहींचा रक्तदाब जवळजवळ पूर्ववत राहिला, पुष्कळांचा कमीअधिक वाढला आणि थोडे त्यापायी दगावले. सरासरी काढली असती, तर हा भेद झाकला गेला असता. डाल यांनी भेदाचाच माग घेतला. अधिक रक्तदाब असलेल्या नरमाद्यांच्या आपसांत व कमी असलेल्यांच्या आपसांत जोड्या लावल्या. अवघ्या तीन पिढ्यांत दोन वंश स्पष्टपणे वेगळे झाले : एक लवणसंवेदी, दुसरा लवणरोधी. 1962 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पुढे ओहायो राज्यातील टोलेडो येथे जॉन रॅप यांनी सख्ख्या भावंडांचा संयोग पिढ्यान्‌पिढ्या घडवून या वंशांचे शुद्ध वाण सिद्ध केले. त्यांचे वर्णन 1985 साली प्रसिद्ध झाले. अशा वाणातील प्राणी आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकरूप असतात. त्यामुळे त्यांच्यात फरक आढळल्यास त्याचे कारण आहारात वा परिस्थितीत शोधता येते.

हा दोष शरीरात कोठे असतो? 1970 च्या दशकात डाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही वंशांत मूत्रपिंडांची अदलाबदल केली. संवेदी उंदराचे मूत्रपिंड बसविलेल्या रोधी उंदराचा रक्तदाब वाढला. उलट केल्यास तो उतरला. म्हणजे दोषाचा मोठा वाटा मूत्रपिंडाबरोबर प्रवास करीत होता.

तथापि केवळ बीजाला दोष देणे अन्यायाचे होईल. संवेदी वंशातही अल्प मिठाच्या आहारावर रक्तदाब बराच कमी राहतो. बीज आणि आहार यांची गाठ पडते, तेव्हाच रोग बळावतो.

याच विचाराने डाल यांनी बाजारात मिळणारे मीठयुक्त शिशुखाद्य संवेदी उंदरांना देऊन पाहिले. त्यांचा रक्तदाब चढला, काही मृत्यू पावले; 1970 साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. उंदीर म्हणजे मानवी बालक नव्हे, हे खरेच. परंतु बालकाची प्रकृती कोणत्या वंशासारखी आहे, हे जन्मतः ओळखण्याचे साधन मातेपाशी नसते. प्रौढालाही स्वतःविषयी ते सहसा ठाऊक नसते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाकाठी 5 ग्रॅमहून कमी मीठ सुचविते, ते सर्वांसाठीच. प्रयोगशाळेत दोन वंशांचे पिंजरे वेगळे ठेवता येतात. घरात मात्र दोन्ही प्रकृतींची माणसे एकाच पंक्तीला बसतात.