आधी घड्याळ, मग स्टेथोस्कोप

एमबीबीएसचे विद्यार्थी खेड्यातल्या दवाखान्यात शिकायला येतात, तेव्हा तिथल्या मुरलेल्या डॉक्टरांनी आधी काय शिकवावं? माझं मत विचाराल तर, घड्याळ बघायला. खोकणाऱ्या बाळाला आईच्या मांडीवरून उचलायचं नाही, रडवायचं नाही. झबलं वर करून पूर्ण 1 मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे 50, पाच वर्षांपर्यंतच्याचे 40 भरले, की न्यूमोनियाची शंका घ्यायची. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणारे घाईखोर इथे फसतात, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही.

कोकणात आणखी एक धडा विंचवाचा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि मृत्यू खूपच कमी झाले. या दंशात दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, पुढे फुप्फुसांत पाणी भरू शकतं. उतार पडू लागला की पावलं ऊबदार होतात. ते कळायला रुग्णाचं पाऊल हातात धरावं लागतं. मॉनिटरची सवय झालेल्यांना यात कमीपणा वाटतो. वाटू दे!

विंचू चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. 108 क्रमांकावर फोन करा, रुग्णवाहिका मोफत आहे.