हिऱ्याची किंमत आणि शांततेचे मोल



अंधेरी पूर्वेला 'सीप्झ' ही निर्यातीसाठी राखून ठेवलेली औद्योगिक वसाहत आहे. १९७३ साली ती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी उभी राहिली. पुढे तेथे जडजवाहिराचे कारखाने आले. बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथून लोकल आणि बस बदलत कारागीर रोज तेथे पोहोचतात आणि परदेशी गिऱ्हाइकांसाठी हिऱ्यांचे दागिने घडवतात. जगातील दर दहा हिऱ्यांपैकी जवळपास नऊ हिऱ्यांना पैलू भारतात पडतात. म्हणूनच पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या लहानशा देशाची कहाणी उपनगरातील श्रोत्यांना परकी वाटण्याचे कारण नाही.

या देशाच्या पूर्वेकडील कोनो जिल्ह्यात नदीच्या गाळात हिरे सापडतात. फावडे आणि चाळण एवढ्या साधनांवर ते काढता येतात. भूमीच्या या वरदानाचाच तेथे शाप झाला. मार्च १९९१ मध्ये फोडे सांको याच्या 'रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट' या संघटनेने लायबेरियाच्या सीमेवरून बंड पुकारले. चार्ल्स टेलर याची त्याला साथ होती. हिरे सीमेपलीकडे जात आणि शस्त्रे अलीकडे येत. अकरा वर्षांच्या यादवीत सुमारे पन्नास हजार माणसे मारली गेली असा अंदाज आहे. निरपराध ग्रामस्थांचे हात तोडण्यात आले, कोवळ्या मुलांच्या हाती बंदुका देण्यात आल्या.

जुलै १९९९ मध्ये लोमे येथे शांतता करार झाला. त्या कराराने सांकोला उपराष्ट्रपतीचा दर्जा आणि खनिज संपत्तीच्या आयोगाचे अध्यक्षपद बहाल केले. दरोडेखोराच्याच हाती तिजोरीच्या किल्ल्या देण्याचा हा प्रकार होता! त्यातून शांतता कशी नांदावी? वर्षही उलटले नाही तोच मे २००० मध्ये बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांचे पाचशेच्या आसपास शांतिसैनिक ओलीस धरले.

त्या शांतिसेनेचे प्रमुख होते भारताचे मेजर जनरल विजयकुमार जेटली. कैलाहुन येथे गुरखा रायफल्सच्या दोन तुकड्यांना बंडखोरांनी वेढा घातला. शस्त्रे खाली ठेवा, वाट मोकळी करून देतो, असा निरोप आला. गुरखा जवानांनी शस्त्रे ठेवली नाहीत. सुमारे पंचाहत्तर दिवस अपुऱ्या रसदीवर ते ठाम राहिले. अखेर जुलैच्या मध्यावर 'ऑपरेशन खुकरी' पार पडले. भारतीय हेलिकॉप्टरे आणि सैनिक, ब्रिटिश विमानदल, घाना आणि नायजेरियाच्या तुकड्या यांनी मिळून वेढा फोडला. हवालदार कृष्णकुमार यांनी या मोहिमेत प्राणार्पण केले. ज्या देशाशी आपले सीमेचे वा सत्तेचे काही देणेघेणे नाही, त्याच्या शांततेसाठी दिलेले हे बलिदान फारच थोड्यांच्या स्मरणात आहे.

शस्त्राने वेढा फुटतो; युद्धाचे मूळ मात्र बाजारात होते. म्हणून जुलै २००० मध्ये सुरक्षा परिषदेने सिएरा लिओनच्या कच्च्या हिऱ्यांवर बंदी घातली. २००३ पासून 'किंबर्ली प्रक्रिया' अमलात आली आणि प्रमाणपत्राविना कच्चा हिरा आयात-निर्यात करणे निषिद्ध ठरले. भारत प्रारंभापासून तिचा सदस्य आहे. २००८ आणि २०१९ मध्ये अध्यक्षपदही भारताकडे होते. परंतु या व्यवस्थेतही एक पळवाट राहिली. बंडखोरांच्या पैशाला अटकाव झाला, तरी सरकारी बळाने खाणीवर होणारा अत्याचार तिच्या व्याख्येत बसत नाही.

स्थलांतरितांचा वाटाही नोंदवला पाहिजे. फ्रीटाऊनमध्ये अनेक दशके सिंधी व्यापारी कुटुंबे आहेत. ठाकुरदास चोइथराम पागारानी यांनी १९४४ मध्ये तेथेच दुकान थाटले. त्या कुळाच्या नावाचे रुग्णालय आज फ्रीटाऊनमध्ये आहे. ज्या भूमीने अन्न दिले तिचे ऋण मानण्याची ही रीत आहे.

जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याची घोषणा झाली. सत्तर हजारांहून अधिक जणांनी शस्त्रे ठेवली. सांको २००३ मध्ये कैदेतच मरण पावला. टेलरला २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने पन्नास वर्षांची शिक्षा ठोठावली. पण खेड्यात हात तोडणारा आणि हात गमावलेला यांना एकाच विहिरीवर पाणी भरायचे होते. त्यांचा निवाडा कोणते न्यायालय करणार?

त्याचे उत्तर तेथील समाजानेच शोधले. जॉन कॉल्कर यांच्या पुढाकाराने 'फंबुल टोक', म्हणजे घरच्यांची बोलणी, ही चळवळ सुरू झाली. २००८ मध्ये बोमारू गावात, जेथे युद्धाची पहिली ठिणगी पडली तेथेच, रात्री शेकोटीभोवती गाव जमले. पीडिताने आपली व्यथा सांगितली, अपराध्याने सर्वांसमक्ष कबुली देऊन क्षमा मागितली. पुढे अनेक गावांनी एकत्र शेती सुरू केली. आपल्याकडील गावच्या पारावरच्या बैठकीची आठवण व्हावी, अशीच ही रीत आहे.

सैनिक वेढा फोडू शकतो, कायदा बाजाराला लगाम घालू शकतो. तुटलेली मने मात्र त्या त्या समाजालाच आपल्या परंपरेच्या आधारे जोडावी लागतात. बाहेरच्यांनी एवढे करावे की, त्या मनांची किंमत आपल्या तराजूत हिऱ्यापेक्षा कमी भरू देऊ नये. अंधेरीत दागिना घडवणाऱ्या आणि मुंबईत तो विकत घेणाऱ्या प्रत्येकाने 'हा खडा कुठून आला?' एवढा एक प्रश्न विचारला, तरी कैलाहुनला वेढ्यात उभ्या राहिलेल्या जवानांचे श्रम सार्थकी लागतील.