तांबडा दिवा उजव्या हाताला
(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी “अमेरिकेच्या प्रवासावर चार शब्द सांगाच” अशी गळ घातली म्हणून मी उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. बोलण्यात चुकलेमाकले तर पोटात घाला.

२०२२ च्या उन्हाळ्यात धाकट्या भावजयीच्या बाळंतपणासाठी मी मिशिगन राज्यात गेले होते. दोन महिन्यांनी तिची आई आली आणि मला सवड मिळाली. भावाच्या शेजारी सत्तरीला टेकलेल्या एक बाई राहतात. त्यांच्या यजमानांची ३० फुटी बोट आहे. यजमान गेल्यावर सगळ्यांनी ती विकायला सांगितली. बाईंनी विकली नाही. त्या स्वतःच चालवतात. त्यांनी भावाला आणि मला मिशिगन सरोवरावर पाच-सहा दिवस येण्याचे आमंत्रण दिले.

सरोवर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आपले कोयनेचे शिवसागर आले. माझे माहेर त्याच्याच काठचे. पण शिवसागर लांबीला सुमारे ५० किलोमीटर, तर हे सरोवर ४९० किलोमीटरांच्या वर! रुंदी काही ठिकाणी १९० किलोमीटर. पलीकडचा काठ दिसतच नाही. पाणी मात्र गोडे. शिकागोसारखी शहरे हेच पाणी पितात. म्हणून बोटीतल्या संडासाचे पाणी सरोवरात सोडायला सक्त मनाई. ते बंदरात नळी लावून उपसून घेतात. हे मला फार आवडले.

हॉलंड गावाहून आम्ही निघालो. १८४७ साली डच लोकांनी वसवलेले हे गाव. खऱ्या हॉलंडातून १९६४ साली आणलेली एक पवनचक्की तिथे उभी आहे. दोर सोडण्याआधी बाईंनी पहिले काम केले ते माझ्या अंगात तरंगते जाकीट चढवण्याचे. सहा वर्षांखालच्या मुलाला उघड्या डेकवर ते घालावेच लागते, असा तिथला कायदा आहे. मी सेहेचाळीस वर्षांचे मूल! मला पोहता येत नाही, हे बाईंनी माझ्या तोंडावरूनच ओळखले.

त्या किनाऱ्यावरच्या बंदरांची एक गंमत आहे. नदी सरोवराला मिळते तिथे आत एक लहान तळे असते. वाळूच्या टेकड्यांतून त्याला वाट काढून दोन्ही बाजूंना धक्के बांधलेले. बाहेर कितीही खवळलेले असो, आत पाणी शांत. बाईंनी मला एक नियम पाठ करायला लावला: बंदरात शिरताना तांबडा दिवा उजव्या हाताला. ग्रँड हेवनचे दोन तांबडे दीप आले तेव्हा मीच आधी ओरडले, “उजवीकडे!” रात्री तिथले १९६२ पासूनचे गाणारे कारंजे पाहिले. मग मस्कीगन. शिकागो १८७१ साली जळाले, ते पुन्हा उभारायला इथून लाकूड गेले होते. तिथून व्हाइट लेक. तेवढ्या शेगडीवर मी पिठले केले, ते बाईंनी बोटे चाटून खाल्ले.

पुढचा टप्पा पेंटवॉटरचा, लांबचा. निघून तास झाला नाही तोच उत्तरेचा वारा सुटला. लाटा आखूड आणि उभ्या. बोट वर जाई आणि दाणकन आदळे. भाऊ म्हणाला, “एवढ्याने काय होते? जाऊ पुढे.” बाईंनी मला विचारले, “तुम्हांला काय वाटते?” आयुष्यात अशा वेळी मला कुणी विचारले नव्हते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी म्हटले, “मला भीती वाटते.” बाईंनी लगेच बोट फिरवली.

दोन दिवस आम्ही व्हाइट लेकलाच राहिलो. भाऊ घुश्शात होता. “आक्का, तुझ्यामुळे रजा फुकट गेली,” म्हणाला. तेव्हा बाईंनी त्याला सांगितले की बोटीवर जो भितो त्याने आधी बोलावे, त्यात सगळ्यांचेच हित असते. १९४७ साली मिशिगन सरकारने जलमार्गांसाठी एक मंडळ नेमले आणि असे ठरवले, की किनाऱ्याने मोजता कुठलीही होडी आसऱ्यापासून १५ मैलांहून दूर असू नये. “बंदरे बांधली ती मागे फिरण्यासाठीच,” बाई म्हणाल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल पाण्यापलीकडे, लाँचने जावे लागे. भावाला वडिलांनी पाठीला डबा बांधून पोहायला शिकवले. तो लाँचने शाळेला गेला, इंजिनीअर झाला. माझ्याबद्दल वडील म्हणाले, “पोरीला पोहता येत नाही, पाण्यावरून कशी पाठवू?” आणि पोरीला पोहायला शिकवावे, हे कुणाच्या मनात आले नाही. वडिलांची माया खोटी नव्हती. पण माझी शाळा त्या पाण्यात बुडाली ती बुडालीच. अंधारात हे मी भावाला पहिल्यांदा बोलून दाखवले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आक्का, मला हे कधी सुचलेच नाही.”

तिसऱ्या दिवशी पाणी निवळले. १८७४ सालचा लिटल सेबलचा विटांचा दीपस्तंभ उजवीकडे टाकून आम्ही पेंटवॉटरवरून लडिंग्टनला पोचलो. तिथून ६० मैलांवरच्या पैलतीराला मोटारी नेणारी ‘बॅजर’ ही कोळशाची आगबोट पाहिली. बंदरात शिरताना चाक बाईंनी माझ्या हातात दिले. वरून त्यांचा हात होताच. तांबडा दिवा उजव्या हाताला ठेवून मी बोट आत आणली.

भगिनींनो, आपल्या मंडळात शिवण झाले, पाककृती झाल्या, हळदीकुंकू दरवर्षी होते. आता एक मागणे आहे. तालुक्याच्या तलावावर बायकांसाठी आणि मुलींसाठी सकाळचा एक तास आपण मागून घ्यावा आणि शिकवायला बाईच असावी. साडीत कसे, या वयात कसे, लोक काय म्हणतील, हे सगळे मीही मनाशी बोलून झाले आहे. भीती मलाही वाटते. म्हणून तर आधी मीच बोलते आहे.

यादीत पहिले नाव माझे लिहा. दुसरे माझ्या नातीचे.