रात्रीची करमणूक आणि परतीची वाट

श्रोतेहो, रात्रीच्या करमणुकीचा विषय निघाला कीं, उजळलेला रंगमंच, रंगांत आलेली मैफल, नृत्यगृहांतील वाद्यवृंद, नाहीं तर तमाशाच्या फडांतील ढोलकी, असें कांहीं तरी आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. चांगला कलावंत असावा आणि खिशांत तिकिटापुरते पैसे असावे, म्हणजे रात्र सुखांत गेली, असा आपला हिशेब असतो. परंतु घरांतून पाऊल बाहेर पडण्यापूर्वीं एखादें वडीलधारें माणूस जो प्रश्न विचारतें, तो कलेविषयींचा नसतोच. तो असतो, 'परत कसे येणार?' हा प्रश्न ऐकून तरुण मंडळी त्रासतात. मला मात्र तो मोठा मार्मिक वाटतो. शहरांत नाटकगृहें किती आणि नृत्यगृहें किती, यावरून त्या शहराची रात्र कोणाच्या वांट्याला येते हें कळत नाहीं. तें परतीच्या वाटेवरून कळतें. आज याच गोष्टीचा आपण थोडा विचार करूं.

मुंबईपासूनच आरंभ करूं. १८४६ सालीं ग्रँट रोडवर नाटकगृह उभें राहिलें. त्याच्या उभारणींत नाना शंकरशेट यांचा हात होता. १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' करून मराठी नाटकाचा पाया घालणाऱ्या विष्णुदास भाव्यांनीं १८५३ सालीं आपली मंडळी मुंबईस आणली, आणि याच नाटकगृहांत तिकीट लावून खेळ केले. त्या भागाला लोक 'पिला हाउस' म्हणूं लागले. 'प्ले हाउस' या इंग्रजी शब्दाचा तो आपल्या जिभेनें केलेला संस्कार. त्या काळीं ज्याच्या दारीं घोडागाडी तो गाडींतून घरीं जाई, बाकीचे पायीं जात. घोड्यांची ट्राम आली ती १८७४ सालीं, आणि विजेची १९०७ सालीं. अर्थात् नाटकगृह वस्तीच्या जवळ असणें भाग होतें, आणि जो जवळ राहील तोच प्रेक्षक होऊं शके.

अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें आणि संगीत नाटकाचें युग सुरू झालें. रात्रीचें जेवण उरकून लोक नाटकाला येत; पदांना 'वन्समोअर' मिळत; पुढें बालगंधर्वांच्या काळांत तर खेळ पहांटेला भिडे. याचें श्रेय आपण त्या पिढीच्या रसिकतेला देतों, आणि तें योग्यच आहे. पण मला वाटतें, त्यांत सोयीचाहि कांहीं भाग होता. बारा वाजतां बायकामुलांसह अंधाऱ्या रस्त्यावर उभें राहण्यापेक्षां उजाडेपर्यंत नाट्यगृहांत बसणें केव्हांहि बरें! कोंकणांतल्या जत्रेंत दशावतार रात्रभर चालतो, तेथेंहि हाच न्याय लागू पडतो. काळोख्या पाणंदींतून कंदील घेऊन परतण्यापेक्षां देवळापुढें बसून राहावें आणि कोंबडा आरवल्यावर घर गांठावें, हें शहाणपणाचें. रात्रभर चालणारा खेळ हें परतीच्या प्रश्नाला आपल्या पूर्वजांनीं दिलेलें एक उत्तरच होतें.

पुढें हें उत्तर बदललें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईंत विजेवर चालणारी पहिली उपनगरी आगगाडी धांवली, आणि हळूहळू मध्यमवर्ग गिरगांवांतून दादर, पार्ले, ठाणें असा उत्तरेकडे सरकला. आतां प्रेक्षक लांब राहूं लागला, पण ठराविक वेळेला त्याला घरीं नेणारी गाडी होती. त्यामुळें नाटकाचे पांच अंक तीनावर आले आणि तीनांचे दोन झाले, यांत अभिरुचीइतकाच शेवटच्या लोकलचाहि वांटा आहे, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. १९६५ सालीं दादरला शिवाजी मंदिर उभें राहिलें आणि तें मराठी नाटकाचें माहेरघर झालें. मध्य व पश्चिम असे दोन्ही लोहमार्ग दादरला एकत्र येतात, ही गोष्ट त्यांतली लहानसहान समजूं नये. कल्याणचा प्रेक्षक आणि बोरिवलीचा प्रेक्षक शेजारीं शेजारीं बसून हंसतात, आणि पडदा पडल्यावर आपापल्या फलाटाकडे वळतात. असें स्थान शहरांत दुसरें मिळणें कठीण.

मुंबईच्या रात्रीचे इतर वांटेकरीहि असेच आपापली वाट धरून होते. पोटासाठीं मुंबईस आलेले गोमंतकीय ख्रिस्ती बांधव धोबीतलावाच्या आसपास गांवोगांवच्या 'कुडां'त राहत. १७ एप्रिल १८९२ रोजीं कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग झाला, तो गोव्यांत नव्हे, मुंबईंत! ज्यांच्यासाठीं खेळ, ते येथेंच होते. तसेंच गिरणगांवाचें. लालबाग-परळच्या कामगाराला तमाशा पाहण्यास आगगाडी लागत नसे. पाळी सुटली कीं पायीं थिएटरांत जावें, लावणी ऐकावी, आणि पायींच खोलीवर परतावें. त्याच्या करमणुकीला लागणारा सर्व खर्च म्हणजे तिकिटाचे पैसे आणि चपलांची झीज.

याच्या अगदीं उलट चित्र अपोलो बंदरावरचें. ताजमहाल हॉटेल १९०३ सालीं उघडलें, आणि १९३० नंतरच्या दशकांत तेथील नृत्यगृहांत अमेरिकन निग्रो वादकांचा जॅझ वाजूं लागला. लिऑन ॲबीचा वाद्यवृंद १९३५ सालीं आला. त्यानंतर टेडी वेदरफर्डनें पियानोवर मुंबईला वेड लावलें. त्यांच्या जोडीला आणि त्यांच्या मागून गोमंतकीय वादक उभे राहिले. गोव्यांतील चर्चच्या शाळांत स्वरलिपि शिकून आलेले हे लोक कोणतेंहि संगीत कागदावरून वाजवीत. अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हा त्यांतला नामांकित ट्रंपेटवादक. परंतु या नृत्यगृहाला पायीं चालणाऱ्याची वाट नव्हती. तेथें जाण्यास विशिष्ट पोषाख लागे, आणि परतण्यास दारीं मोटार लागे. मग जे दाराबाहेर राहिले, त्यांच्यापर्यंत तें संगीत कसें पोंचलें? रात्रीं हॉटेलांत वाजविणारे हेच वादक दिवसा चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाला जात. आपल्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त, १९५१ सालीं, चिक चॉकलेट आपल्या वाद्यमेळासह पडद्यावरच दिसला, आणि ताजमधला ताल चाळींतल्या पोरांच्या पायांत आला. कला आपली वाट शोधून काढते, ती अशी! पण प्रत्यक्ष समोर बसून ऐकण्याचें सुख वेगळें असतें, आणि तें मोटारवाल्यांपाशींच राहिलें, हेंहि विसरतां कामा नये.

येथून पुढची हकीकत जरा गंभीर आहे. १९८२ च्या जानेवारींत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगांवाचा संसार विसकटला. जेथें माग चालत, त्या आवारांत पुढें कचेऱ्या, दुकानें, उपाहारगृहें आणि नाइटक्लब आले. काळ बदलतो; त्याबद्दल केवळ हळहळत बसण्यांत अर्थ नाहीं. परंतु २९ डिसेंबर २०१७ रोजीं, मध्यरात्र उलटून थोड्याच वेळानें, लोअर परळच्या कमला मिलच्या आवारांत गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली आणि १४ माणसें प्राणांस मुकलीं. २०२५ च्या डिसेंबरांत गोव्यांतील हडफडें येथील नाइटक्लब जळाला. तेथें २५ जण गेले, आणि त्यांत बहुसंख्य तेथेंच राबणारे नोकर होते. परतीच्या वाटेचा पहिला टप्पा म्हणजे बाहेर पडण्याचें दार, हें आपण किती सहज विसरतों!

हा धडा जगाला नवा नव्हता. अमेरिकेंत बोस्टन येथें २८ नोव्हेंबर १९४२ रोजीं 'कोकोनट ग्रोव्ह' नांवाच्या नाइटक्लबांत आग लागून ४९२ माणसें मेलीं. मुख्य दार फिरतें होतें. गर्दी लोटतांच तें अडकून बसलें. दुसरीं कांहीं दारें कुलूप लावून बंद केलेलीं होतीं, आणि कांहीं आंतल्या बाजूला उघडत. त्यानंतर तेथें नियम झाले कीं, फिरत्या दाराच्या बाजूला साधें, बाहेर उघडणारें दार असलेंच पाहिजे. नियम केवढा लहान आणि त्याची किंमत केवढी मोठी! सजावटीवर लाखों रुपये खर्च करणाऱ्या मालकानें मागचा जिना मोकळा ठेवावा, एवढीच अपेक्षा; पण ती प्रत्येक पिढीला नव्यानें सांगावी लागते.

आतां जे करमणूक करतात त्यांच्या परतीचा विचार. आपण घरीं येऊन दिवा मालवतों, तेव्हां वाढपी टेबलें पुशीत असतो, वादक वाद्यें खोळींत भरीत असतो, आणि एखादी गायिका वाहनाची वाट पाहत उभी असते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकानें व आस्थापना कायद्यानें स्त्रियांस, त्यांची संमति असल्यास, रात्रीं साडेनऊनंतर काम करण्याची मोकळीक दिली. आणि तसें काम घेणाऱ्या मालकानें त्यांना घराच्या दारापर्यंत पोंचविण्याची व्यवस्था केली पाहिजे, अशीहि अट घातली. वडीलधाऱ्यांचा तो जुना प्रश्न येथें कायद्याच्याच तोंडीं आला आहे, याचें मला फार समाधान वाटतें. रात्रीं घराबाहेर काम करणाऱ्या स्त्रीवर बंदी घालणें सोपें असतें. तिला सुखरूप घरीं पोंचविणें अवघड असतें. पण सुसंस्कृत समाजानें अवघड तेंच पत्करावयाचें असतें.

२०२० च्या जानेवारींत मुंबईंतील अनिवासी भागांतल्या उपाहारगृहांना व दुकानांना चोवीस तास उघडें राहण्याची मुभा देण्यांत आली. मोठा गाजावाजा झाला. परंतु मध्यरात्र उलटल्यावर लोकल थांबते, ती पहांटेपर्यंत! मधल्या कांहीं तासांत ज्याच्यापाशीं मोटार, किंवा टॅक्सीचे पैसे, त्याचेंच शहर. दुकान उघडें ठेवल्यानें रात्र उघडी होत नाहीं. रस्ता उघडा लागतो. त्या मधल्या तासांत मुख्य मार्गांवरून दर अर्ध्या तासानें एखादी बस धांवती ठेवली, तर दहा नवीं नृत्यगृहें निघण्यापेक्षां अधिक लोकांना रात्रीचा आनंद मिळेल, अशी माझी खात्री आहे.

कोणी म्हणेल, जे घरीं निजले आहेत त्यांचें काय? आक्षेप योग्य आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली, ती अशाच लोकांच्या निद्रेसाठीं. त्यापायीं आपण कांहीं गमावलेंहि. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ सालीं सुरू झाला. पूर्वीं तो रात्रभर चाले. मध्यरात्रीचा दरबारी मध्यरात्रींच ऐकावा आणि उजाडतां उजाडतां भैरवीनें उठावें, हा योग आतां दुर्मिळ झाला. तरी रुग्णाईताची झोंप आणि परीक्षार्थ्याचा अभ्यास यांपुढें रसिकानें थोडें नमतें घ्यावें, हेंच बरोबर. बंदिस्त सभागृहें चांगलीं बांधलीं, तर दोघांचेंहि समाधान होईल.

तेव्हां श्रोतेहो, रात्रीं अवश्य बाहेर पडा. समोर बसून ऐकलेलें गाणें आणि समोर पाहिलेलें नाटक यांची सर पेटींतून ऐकलेल्या आवाजाला येत नाहीं, हें मी पेटींतूनच बोलत असलों तरी मान्य करतों. मात्र आंत शिरतांच बाहेर पडण्याचीं दारें कोठें आहेत, तें एकदां पाहून ठेवा, आणि एखाद्या दाराला कुलूप दिसलें तर व्यवस्थापकाला हटकण्यास संकोचूं नका. ज्यानें मद्य घेतलें असेल त्याच्या हातीं गाडी देऊं नका. शेवटच्या गाडीसाठीं भैरवी अर्धी टाकून उठणाऱ्याकडे पाहून नाक मुरडूं नका. कदाचित् त्याला अंबरनाथपर्यंत जावयाचें असेल. नाटकमंडळ्यांना माझी एकच विनंति : पडदा ठरल्या वेळीं उघडा. सातचा खेळ साडेसातला सुरू झाला, तर तो अर्धा तास दूरच्या प्रेक्षकाच्या परतीच्या वाटेंतून कापला जातो, आणि पुढच्या खेपेस तो घरींच बसतो.

ज्या शहरांतील गिरणीकामगाराची नात, एखाद्या मैत्रिणीसह, रात्रीं गाणें ऐकून निर्धास्तपणें आपल्या दारीं येऊं शकते, तें शहर खऱ्या अर्थानें रसिक. त्या शहरांत वडीलधारें माणूस 'परत कसे येणार?' असें विचारणार नाहीं. तें विचारील, 'गाणें कसें झालें?'