पुन्हा उभा करता येईल असा सर्व्हर

संयोजकहो, आणि सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा, हिंगोली अशा सगळ्या तालुक्यांतून आलेल्या, कार्यालयांचे आणि महाविद्यालयांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्रहो,

माझं मागणं एकच आहे. यापुढे आपण एकही सर्व्हर निव्वळ हाताने उभा करू नये. आणि ज्या स्क्रिप्टने उभा करू, तिच्यात आपल्या गावाचा किंवा कार्यालयाचा एकही तपशील लिहू नये. ते तपशील वेगळ्या कॉन्फिग फाइलीत राहू द्यावेत.

याचं मोठं उदाहरण आपल्या दाराशी आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी करण्याला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या तिच्या थोरल्या बहिणी एकमेकींपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर आहेत. दोन्हीकडे चार-चार किलोमीटरच्या भुजा, आणि त्यांतले आरसे, लेसर सांभाळणारी ‘गार्डियन’ ही संगणकीय व्यवस्थाही दोन्हीकडे तीच. तिचा सामाईक कोड एका जागी राहतो, त्या-त्या ठिकाणचे आकडे वेगळे ठेवलेले असतात. हॅनफर्डच्या मोजमापांची नावं ‘एच१’ने सुरू होतात, लिव्हिंग्स्टनची ‘एल१’ने. शोधनिबंधांत आपल्या औंढ्यासाठी ‘ए१’ ही खूण आधीच वापरात आली आहे. तिसरी वेधशाळा सुरू होईल तेव्हा सगळं पहिल्या ओळीपासून लिहायला बसावं लागू नये, ते या विभागणीमुळेच.

आपल्या खोलीतल्या दोन-चार सर्व्हरांनाही हेच लागू आहे. युजर तयार करणं, पॅकेजं बसवणं, फायरवॉल लावणं, डेटाबेस सुरू करणं, बॅकअपची वेळ नेमणं ही कामं स्क्रिप्टची. यंत्राचं नाव, आयपी पत्ता, बॅकअप कुठे जायचा, रात्री किती वाजता, हे कॉन्फिग फाइलीचं. स्क्रिप्टने आधी ती फाइल वाचावी आणि एखादी किंमत रिकामी दिसली तर यंत्राला हात लावण्याआधीच थांबावं. यासाठी काही विकत घ्यायचं नाही. बॉर्न शेल १९७९ पासून आहे, बॅश १९८९ पासून, आणि लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरांवर बॅश असतोच.

आपल्याकडे या शिस्तीची निकड जास्त आहे, कारण आपल्याकडे बदल्या होतात. सर्व्हर बसवणारा माणूस ऑर्डर हातात पडली की नांदेडला किंवा लातूरला जातो, आणि कोणतं पोर्ट का उघडलं होतं हे त्याच्याबरोबर जातं. कॉन्फिग फाइल असेल, प्रत्येक ओळीवर मराठीत टीप असेल, तर नव्या माणसाला पहिल्या दिवशी वाचायला काहीतरी मिळतं. तो पूर्वीच्या माणसाला फोन करत बसत नाही.

दुसरं कारण विजेचं. स्क्रिप्ट अर्ध्यावर असताना लाइट जाते, नेट तुटतं. म्हणून ती कितीही वेळा चालवली तरी शेवटी तीच स्थिती आली पाहिजे. मी इथे जरा रेंगाळतो, कारण बहुतेक स्क्रिप्टा इथेच फसतात. फोल्डर आधीच असेल तर तिने तक्रार न करता पुढे जावं. एखाद्या फाइलीच्या शेवटी ओळ जोडली, तर दुसऱ्यांदा चालवल्यावर तीच ओळ दोनदा येते. म्हणून ओळी जोडू नयेत, साच्यावरून पूर्ण फाइल नव्याने लिहावी. तीही आधी त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पुरी झाल्यावरच खरं नाव द्यावं. मग स्क्रिप्ट मध्येच मेली तरी खऱ्या नावाखाली अर्धवट फाइल सापडत नाही.

एक धोका आवर्जून सांगतो. शेलने कॉन्फिग फाइल थेट सामावून घेतली, तर तिच्यातला मजकूर आज्ञा म्हणून चालतो, आणि स्क्रिप्ट रूट म्हणून चालत असेल तर त्या आज्ञाही रूटच्या अधिकाराने. त्यामुळे ती फाइल बदलण्याचा अधिकार फक्त रूटकडे असावा. पासवर्ड तिच्यात मुळीच नकोत. ते तिसऱ्या फाइलीत, परवानगी ६००, आणि ती फाइल गिटमध्ये कधीही जाता कामा नये.

यंत्रं पन्नास झाली की अ‍ॅन्सिबल या साधनाकडे जरूर जा. यंत्र कोणत्या स्थितीत हवं ते लिहून ठेवायचं, हा विचार मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिनमधून रुजवला. अ‍ॅन्सिबल २०१२ मध्ये आलं. तपशील वेगळे लिहिण्याची सवय तिथेही जशीच्या तशी उपयोगी पडते.

दुपारच्या सत्रासाठी मी संयोजकांकडे एक कोरं यंत्र मागून घेतलं आहे. प्रत्येक तालुक्याच्या गटाने आपली कॉन्फिग फाइल लिहावी. स्क्रिप्ट सर्वांना एकच मिळेल. ती चालू असताना आम्ही मध्येच प्लग काढणार आहोत. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर तुम्ही स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवायची, आणि मग आपण सगळ्यांनी मिळून एकेक ओळ तपासायची.