मंगलकार्य आणि छायाचित्रे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



या मालेत आमच्या आधीच्या वक्त्यांनी साहित्य, संगीत असे भारदस्त विषय हाताळले. आम्ही पडलो केंद्र सरकारचे नोकर, शिक्षण बी.ए.पर्यंत. आमच्या पदरी विद्वत्ता नाही. दोन मुलींची लग्ने लखनौत पार पाडल्याचा अनुभव तेवढा आहे. पहिल्या लग्नात आमचे काय चुकले आणि दुसऱ्यात आम्ही काय सुधारले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

महाराष्ट्रात मंगल कार्यालय ठरविले की गुरुजींपासून पाटरांगोळीपर्यंत बहुतेक सर्व सिद्ध असते. लखनौचा बँक्वेट हॉल किंवा लॉन वेगळ्या रीतीसाठी उभारलेला असतो. येथे रात्री बारात येते, मंचावर जयमाल होते, भोजने होतात आणि फेरे होईतो मध्यरात्र उलटते. म्हणून दर्शनी भागी मंच असतो आणि वेदीसाठी कोपरा राखलेला असतो. छायाचित्रकाराचा हातही त्याच क्रमाला सरावलेला असतो. यात दोष कोणाचाच नाही. आपली रीत त्याला सांगणे हे आपले काम, आणि ते आम्ही केले नाही.

थोरलीचे लग्न 2019च्या डिसेंबरच्या प्रारंभी झाले. गोरज मुहूर्त धरला होता. मुंबईच्या नातलगांनी तिकडच्या सूर्यास्तावरून सहाच्या सुमाराची वेळ कळविली आणि आम्ही ती पत्रिकेत छापून मोकळे झालो. लखनौ मुंबईच्या सुमारे आठ अंश पूर्वेस आहे. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने बत्तीस मिनिटांचा फरक. त्यात उत्तरेकडचा हिवाळ्यातला दिवस लहान. त्या दिवसांत येथे सव्वापाचच्या आसपासच सूर्य मावळतो. गुरुजींनी ही गोष्ट दुपारी लक्षात आणून दिली, आणि सारे कार्य पाऊण तास अलीकडे ओढावे लागले. मग काय विचारता! पुष्पक एक्सप्रेसने आलेली मंडळी अद्याप वेषभूषेत, छायाचित्रकाराचे दिवे अद्याप पेटीत.

मंगलाष्टके सुरू झाली. ज्या नगरीत 1926 साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने संगीताचे महाविद्यालय उभे राहिले, त्या नगरीत शेजारच्या लॉनवरील डीजेच्या चाचणीने आमची मंगलाष्टके गिळून टाकली. अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या, आणि छायाचित्रकार ओरडला, “अंकलजी, एक बार और!” दिवा लागला नव्हता. गुरुजींनी नाराजीने अंतरपाट पुन्हा धरविला. मुहूर्ताचा क्षण तो केव्हाच निघून गेला होता. पुढे झाले ते त्याचे नाटक. चार कॅमेरे वधूवरांभोवती कडे करून उभे राहिले. आमच्या मातोश्री तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या. त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत मुद्दाम मांडली होती. रात्री त्या इतकेच म्हणाल्या, “पोरीच्या लग्नाला आले, पण पाठीच पाहिल्या रे बाळा.”

पुढच्या वर्षी मातोश्री गेल्या. तसबिरीसाठी म्हणून आम्ही लग्नाची छायाचित्रे काढून बसलो. चार हजारांवर चित्रे होती. मंच होता, झुंबरे होती, जिलेबीचे ताटही सहा कोनांतून घेतलेले होते. मातोश्री एका चित्रात समईआड अर्ध्या होत्या, दुसऱ्यात केवळ पदर. शेवटी कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी काढलेले पासपोर्ट आकाराचे छायाचित्र मोठे करून घेतले. आज भिंतीवर तेच आहे.

हे लखनौमध्ये घडावे, याचे अधिक वाईट वाटते. येथे अहमद अली खान यांनी 1857 पूर्वी नगरवासीयांची छायाचित्रे घेतली. त्यांतील कित्येक माणसे पुढे त्या धामधुमीत मृत्यू पावली. मुखे मात्र राहिली. 1874 साली दरोगा अब्बास अली यांचा पन्नास छायाचित्रांचा ‘लखनौ आल्बम’ प्रसिद्ध झाला. ते नगरपालिकेचे अभियंता होते, म्हणजे आमच्यासारखेच नोकरदार. ज्यांच्याजवळ मोजक्याच काचा होत्या, त्यांना काय टिपावे याचा विचार करावाच लागे. आपल्याला चार हजार चित्रे सहज मिळतात, आणि विचार तेवढा राहून जातो.

धाकटीचे लग्न 2024च्या फेब्रुवारीत झाले. या खेपेस मुहूर्त लखनौच्याच सूर्योदयावरून काढविला आणि तो सकाळचा घेतला. येथील सहालगीत हॉलना मागणी रात्रीची. दिवसाचे भाडे ठरविताना घासाघीस करता येते. मात्र आदल्या रात्रीचे कार्य आटोपून हॉल ताब्यात कधी मिळणार, हे लेखी घ्यावे, नाही तर सनई सुरू व्हावयाची आणि झाडू फिरत असावयाचा! होमाला बंद सभागृहात परवानगी आहे की नाही, तेही आधी विचारावे. आम्ही वेदी लॉनवर घातली. धुराचा प्रश्न मिटला आणि उजेड फुकट मिळाला. हिंदीभाषक स्नेह्यांसाठी सायंकाळी स्वागतसमारंभ ठेवला, म्हणजे जयमालेची त्यांची हौसही पुरी झाली.

छायाचित्रकाराला आठवडाभर आधी चहाला बोलाविले आणि दोन पाने हिंदीत लिहून दिली. सीमांतपूजन, गौरीहर, अंतरपाट, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी: प्रत्येकाचा क्रम, अंदाजे वेळ, कोण कोठे उभे राहील आणि कॅमेरा कोठे असावा. अंतरपाट एकदाच दूर होईल, हे वाक्य अधोरेखित केले. कॅमेरे दोनच, तेही बाजूने. पाहुणे आणि वधूवर यांच्यामध्ये कोणी उभे राहावयाचे नाही.

सप्तपदीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. पंगती बसल्या की कॅमेरेही जेवावयास जातात आणि सप्तपदी राहून जाते. वास्तविक 1955च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 प्रमाणे, जेथे सप्तपदीची रीत आहे तेथे सातवे पाऊल पडते तेव्हा विवाह पूर्ण होतो. उत्तर प्रदेशात 2017च्या नियमांनी विवाहनोंदणी सक्तीची झाली, ती अवश्य करावी. परंतु विधीच झाले नसतील तर नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली स्पष्ट केले आहे. आमचा जन्म कागदांत गेला, तरी कागदाची ही मर्यादा आम्हांस मान्य आहे.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक आप्ताचे नाव आम्ही यादीत घातले आणि मुहूर्तापूर्वी, कोवळ्या उन्हात, एकेकाला खुर्चीवर बसवून छायाचित्र घेतले. आमचे सासरे शहाऐंशी वर्षांचे. “माझे कशाला? मुलांचे घ्या,” असे म्हणत त्यांनी टोपी तीनदा नीट केली. महिन्याभरात सर्व चित्रे कागदावर छापून घरोघर पोचती केली. संगणकात ठेवलेले चित्र आजीला दिसत नाही.

बंधुभगिनींनो, मंडळाच्या या पन्नास वर्षांत किती घरांनी येथे मुलाबाळांची कार्ये केली! प्रत्येक घर तीच चूक नव्याने करते. म्हणून ती दोन हिंदी पाने आम्ही आज चिटणीसांच्या हाती देत आहो. जाणत्यांनी ती सुधारावी, मंडळाने छापावी, आणि ज्याच्या घरी कार्य निघेल त्याने हॉलची अनामत भरण्यापूर्वी ती मागून न्यावी.