आपल्या गॅलरीतली छत्री

(मंडळाच्या वर्धापनदिनी, चैत्रातील हळदीकुंकवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर लोणच्या-पापडांपासून बचतीच्या पुस्तकापर्यंत पुष्कळ विषयांवर भाषणे झाली. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो टीव्हीच्या छत्रीचा. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा विद्वत्तेचे काही बोलणे माझ्याच्याने व्हायचे नाही. पण ज्या वस्तूपुढे घरातली सगळी माणसे रोज संध्याकाळी बसतात, ती चालते कशी हे घरातल्या बाईला ठाऊक असू नये, हे मला पटत नाही. शेगडीची वात, शिवणयंत्राचा पट्टा, गॅसची नळी आपणच सांभाळतो ना? मग छत्रीनेच काय घोडे मारले आहे? मुलीच्या शाळेच्या पुस्तकांतून, खोक्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकातून आणि छत्री बसवायला येणाऱ्या मुलांना प्रश्न विचारून विचारून जे उमगले, ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी थोडा इतिहास. मुंबई दूरदर्शन सुरू झाले 2 ऑक्टोबर 1972 रोजी. तेव्हा घराघरांवर काड्यांचे अँटेना लागले आणि ते सगळे वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून असत. मनोरा जमिनीवर, म्हणून अँटेना आडवा. आपल्या छत्रीचे तोंड मात्र आभाळाकडे, कारण तिचा मनोरा आभाळात आहे. त्यालाच उपग्रह म्हणतात.

आभाळातला मनोरा खाली कसा पडत नाही आणि एका जागी कसा राहतो? याचे उत्तर आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने 1945 सालीच मांडले होते. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर एखादी वस्तू पृथ्वीभोवती फिरत ठेवली, तर तिची एक फेरी पृथ्वीच्या एका गिरकीइतक्याच वेळात पुरी होते. ती फिरते, आपणही फिरतो. फुगडी घालणाऱ्या दोघी जशा एकमेकींच्या समोरच राहतात, तसेच हे. म्हणून छत्री एकदा नीट बसवली की रोज फिरवावी लागत नाही.

आपल्या देशात हा प्रयोग प्रथम खेड्यांसाठी झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने 1969 साली अमेरिकेच्या नासा या संस्थेशी करार झाला. साराभाई 1971 च्या डिसेंबरात वारले, पण काम थांबले नाही. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत उपग्रहावरून शेतीचे, आरोग्याचे, शाळेचे कार्यक्रम दाखवले गेले. त्या गावांतल्या छत्र्या कशाच्या होत्या म्हणाल? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या! दहा फूट रुंद. त्या लहरी चांगल्या फूटभर लांबीच्या होत्या, जाळीची भोके त्यामानाने बारीक, म्हणून लहर जाळीतून निसटत नसे. पुढे 1983 साली आपला इन्सॅट-1बी हा उपग्रह वर गेला. 1991-92 पासून परदेशी आणि खाजगी वाहिन्या आल्या, केबलवाल्यांनी गच्चीवर मोठमोठ्या छत्र्या लावल्या आणि गल्लीभर तारा ओढल्या. 2003 पासून घरोघरी लहान छत्री आली, तर 2004 च्या डिसेंबरात दूरदर्शनची विनामूल्य छत्री आली. तिला आता डीडी फ्री डिश म्हणतात.

आता वस्तूकडे वळू. हिचे भाग चारच : छत्री, तिच्या दांडीवरचे बोंडूक, तार आणि घरातले खोके.

छत्री म्हणजे नुसता आरसा. तिच्यात वीज नाही, यंत्र नाही. उपग्रह एकेका पट्ट्यावर साधारण शंभर-दीडशे वॅटच्या शक्तीने लहरी सोडतो, आणि त्या साऱ्या देशभर पसरतात. आपल्या वाट्याला येणारा अंश किती क्षीण असेल पहा. दोन फुटांच्या पत्र्यावर पडलेला तेवढा अंश गोळा करून एका बिंदूवर आणणे, एवढेच छत्रीचे काम. रंग उडाला तरी बिघडत नाही, पण पत्र्याला पोचा आला किंवा ती वाकली तर लहरी एका जागी जमत नाहीत. तिच्यावर कुंडी टेकवू नये, की मुलांना लोंबकळू देऊ नये.

छत्रीसमोर काय असावे? काहीही नसावे. ओले लुगडे वाळत घातले, की लहरी पाण्यातच जिरतात. आपल्या चाळीत दुपारी बाराला टीव्ही बंद आणि चारला आपोआप सुरू, असे होत असेल तर भुताटकी समजू नका. वरच्या मजल्यावरची दोरी पहा.

दिशा कोणती? मुंबईतल्या घरगुती छत्र्या सर्वसाधारणपणे दक्षिण आणि पूर्व यांच्या मधल्या आभाळाकडे पाहतात. फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर, सुमात्रा बेटाच्या पश्चिमेच्या समुद्रावर आहे, म्हणजे आपल्या आग्नेयेला. आग्नेय लक्षात ठेवायला आपल्याला सांगायला नको. जुनी माणसे चुलीची जागा तीच सांगत. उंची म्हणाल, तर क्षितिजापासून थेट डोक्यापर्यंतच्या आभाळाचे तीन भाग करा. त्यातले जवळजवळ दोन भाग वर पहायचे. लहान छत्री मात्र पाहणाऱ्याला तेवढी वर पाहतेय असे वाटत नाही, कारण तिचे बोंडूक मध्यावर नसून खालच्या बाजूला असते. वरून तिरपी आलेली लहर ती तिथे लोटते. छत्री उभट दिसली म्हणून कोणी हौसेने मागे कलती करू नये. निरनिराळ्या कंपन्यांचे उपग्रह निरनिराळ्या जागी आहेत, म्हणून कंपनी बदलली की छत्रीही थोडी फिरवावी लागते.

दुसरा भाग दांडीवरचे बोंडूक. कारागीर त्याला एलएनबी म्हणतात. वरून येणारी लहर एका सेकंदाला अकराशे-बाराशे कोटी वेळा कंप पावते. इतक्या चपळ लहरीला तारेतून घरात आणायचे तर ती वाटेतच विरून जाईल. म्हणून हे बोंडूक तिला मोठी करते आणि तिचे कंप सुमारे 95 ते 215 कोटींपर्यंत उतरवते. चौथ्या मजल्यावरची बाई भाजीसाठी स्वतः खाली येत नाही, दोरीने टोपली सोडते. माल तोच, वाट सोपी. तसेच हे. शिवाय लहरी दोन तऱ्हांच्या असतात, उभ्या आणि आडव्या. माझे सासरे गिरणीत साचेखात्यात होते. त्यांच्या बोलण्यातला ताणा आणि बाणा मला इथे उपयोगी पडला. दोन्ही एकाच जागेतून जातात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. कोणती हवी ते खोके खालून सांगते : 13 व्होल्ट पाठवले तर उभी, 18 व्होल्ट पाठवले तर आडवी. म्हणजे चित्र खाली येते त्याच तारेतून वीज वर जाते. म्हणून तारेची टोके काढता-घालताना खोक्याचे बटण आधी बंद करावे.

तिसरा भाग तार. आत तांब्याची एक कांडी, भोवती पांढरा फेस, त्यावर जाळी आणि वरून काळे आवरण. जाळीचा एक केस जरी मधल्या कांडीला टेकला तरी चित्र जाते. पावसाळ्यात बहुतेक बिघाड इथेच होतात. जोडाच्या फटीतून पाणी शिरते आणि आतल्या आत हिरवट गंज चढतो. उपाय स्वस्त आहे : जोडावर पाणी न शिरणारी पट्टी गुंडाळावी, आणि तार खिडकीतून आत घेण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा. पाणी झोळाच्या टोकाशी ठिबकून जाते, घरात येत नाही.

चौथा भाग खोके. ते कुलपे उघडते, गाठोडी सोडते आणि चित्र पडद्यावर धाडते. त्याला या कामाला क्षणभर लागतो, प्रत्येक कंपनीच्या खोक्याला वेगळा. म्हणून क्रिकेटच्या सामन्यात पलीकडच्या खोलीत षटकाराचा ओरडा आधी होतो आणि आपल्याकडे चेंडू अजून गोलंदाजाच्या हातातच असतो!

खोक्याच्या यादीत ‘सिग्नल’ म्हणून एक पान असते. त्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक जोराची आणि एक दर्जाची. आजच्या भाषणातले दुसरे सगळे विसरलात तरी चालेल, एवढे लक्षात ठेवा. दोन्ही पट्ट्या शून्य असतील, तर तार तुटली, जोड सुटला किंवा बोंडूक गेले असे धरावे. जोर आहे पण दर्जा शून्य, तर तार आणि बोंडूक बहुधा शाबूत आहेत; छत्री हलली आहे, समोर आडोसा आला आहे किंवा मुसळधार पाऊस आहे. दोन्ही ठीक असून चित्र नाही, तर पैसे भरायचे राहिले किंवा खोक्यात दोष.

पावसाचे म्हणाल, तर या लहरी अवघ्या इंचभर लांबीच्या असतात आणि पावसाचे थेंब त्यांना गिळतात. केबलवाल्यांच्या मोठ्या छत्रीच्या लहरी तिप्पट लांब, म्हणून त्यांना पावसाचा त्रास कमी. सर ओसरली की चित्र आपोआप येते, कारागिराला बोलावू नये. तसेच मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीस काही दिवस, दुपारच्या आधी काही मिनिटे, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि चित्र जाते. दहा-पंधरा मिनिटे धीर धरावा.

या दोन पट्ट्यांचा उपयोग कसा होतो ते सांगते. आमच्या शेजारी एक आजी राहतात. एकट्या, गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. आषाढीची पंढरपूरची महापूजा सह्याद्रीवर पाहिल्याशिवाय त्या तोंडात पाणी घेत नाहीत. जूनच्या पहिल्या वादळात त्यांचे चित्र गेले. एक कारागीर आला आणि पाहता पाहता म्हणाला, बोंडूक जळले, छत्रीही बदला, पंधराशे रुपये होतील. आजींचे पेन्शन त्याहून फार मोठे नाही. मी म्हटले, “भाऊ, आधी त्या दोन पट्ट्या दाखवा.” तो म्हणाला, “काकू, ते तुम्हाला कळायचं नाही.” मी स्वतः बटणे दाबून पान काढले. जोर भरपूर, दर्जा शून्य. “बोंडूक जळलं तर हा जोर कुठून आला?” असे विचारल्यावर तो काही बोलला नाही. गॅलरीत गेला, वाऱ्याने सैल झालेला बोल्ट आवळला, छत्री दोन बोटे फिरवली आणि चित्र आले. आजींनी त्याला चहा दिला आणि आल्या-गेल्याचे शंभर रुपये दिले. भगिनींनो, सगळेच कारागीर असे नसतात, कित्येक मुले उन्हातान्हात जीव धोक्यात घालून इमानाने काम करतात. पण आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही स्थिती आपल्या अज्ञानाने येते. नव्वद टक्के विद्या नको, प्रश्न विचारण्यापुरती हवी.

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या चाळीच्या कठड्यांकडे एकदा मान वर करून पहा. चालू छत्र्यांपेक्षा बंद पडलेल्याच अधिक दिसतील. कंपनी बदलली, बिऱ्हाड हलले, पोर मोबाईलवर पाहू लागले. छत्री तिथेच राहिली. आपले कठडे जुन्या लाकडाचे, स्क्रू गंजलेले, आणि छत्री वाऱ्याला शिडासारखी अडते. खाली अंगणात आपलीच मुले खेळतात, याच जागी गणपती बसतो. जूनपूर्वी प्रत्येक मजल्यावरच्या दोघींनी मिळून यादी करावी, आणि बंद छत्र्या जाणत्या माणसाकडून उतरवून घ्याव्यात, असे मी सुचवते. पावसात किंवा वीज चमकत असताना कोणीही, विशेषतः पोरांनी, गच्चीवर चढू नये. एक मालिका चुकली तर पुन्हा पाहता येते.

जुन्या चाळी पाडून नव्या इमारती होत आहेत. तिथे आपल्या खोलीची खिडकी वायव्येला आली तर कितीही पैसे मोजून आग्नेयेचा उपग्रह दिसणार नाही. समोरचा टॉवर आपल्यापासून जितका दूर, त्याच्या दीडपटीहून अधिक तो आपल्या खिडकीच्या वर गेला असेल, तरीही तीच गत. म्हणून सोसायटीच्या सभेत पुरुषमंडळी पार्किंगचे बोलत असतील तेव्हा आपण उठून विचारावे : गच्चीवर सर्वांसाठी एकच छत्री आणि भिंतीतून घरोघरी तार, ही सोय नकाशात आहे काय? इमारत उभी राहण्यापूर्वी हे स्वस्तात होते, नंतर भिंती फोडाव्या लागतात.

भगिनींनो, यंत्राला बाई-पुरुष कळत नाही. जो त्याला समजून घेतो त्याचे ते ऐकते. यादीचे काम करायला ज्यांची तयारी असेल त्यांनी आज तिळा-गुळाइतक्याच गोडीने चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. आंबेडाळ आणि पन्हे वाट पाहत आहे, तेव्हा अधिक वेळ घेत नाही.